हवेचं वजन करणारी पेटी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पार जातो. थंडीतल्या पहाटे तोच १० अंशांच्या आसपास असतो. तेवढ्या फरकाने एक लिटर हवेचं वजन दहा टक्क्यांहून अधिक घटतं. पेट्रोल जळायला ऑक्सिजन लागतो आणि त्याचा हिशेब वजनाने करावा लागतो. कार्बोरेटरला हे वजन कळायचं नाही. हवा वेगाने आत गेली की तिच्या ओढीने जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल निघायचं. म्हणून उन्हाळ्यात एअर स्क्रू फिरवून कानाने रेस लावायची, प्लग काळा निघाला तर पेट्रोल जास्त जातंय हे ओळखायचं. बल्लारपूर-राजुरा-गडचांदूर रस्त्यावरची कोळशाची धूळ फिल्टरमध्ये बसली की ही सगळी खटपट पुन्हा करायची.

हे काम विजेकडे सोपवायचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये ‘इलेक्ट्रोजेक्टर’ आणलं आणि क्रायस्लरच्या १९५८ च्या मोजक्या गाड्यांना ते बसवलं. त्या काळचे सुटे भाग उष्णता आणि हादरे सोसेनात. बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्बोरेटर लावावा लागला. पण मूळ कल्पना पक्की होती. तिचे हक्क घेऊन जर्मनीच्या बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० साठी ‘डी-जेट्रॉनिक’ तयार केलं. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, नुसते ट्रान्झिस्टर. मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या, दाबावरून आत किती हवा गेली याचा अंदाज घ्यायचा आणि त्या प्रमाणात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडा ठेवायचा, ही रीत तेव्हा बसली. आजही राजुऱ्यातल्या मोटारसायकलीत ती चालते.

अशा नेमक्या मोजमापाच्या मागणीला जोर आणला तो कॅलिफोर्नियातल्या धुराविरुद्धच्या कायद्यांनी. तिथल्या नियमांसाठी व्होल्वोने १९७६ मध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात लॅम्डा सेन्सर बसवला, आणि जळून गेल्यावर धुरात किती ऑक्सिजन उरला हे यंत्राला कळू लागलं. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये बॉशचं ‘मोट्रॉनिक’ आलं. इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच डिजिटल पेटीच्या ताब्यात गेली.

या पेटीचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एक फेरा २० मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात क्रँकच्या दातेरी चाकावरून पिस्टन कुठे आहे ते समजतं. दाब आणि तापमान पाहून हवेचं वजन निघतं, आणि १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल या हिशेबाने इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. मग लॅम्डा सेन्सर निकाल सांगतो: ०.८ व्होल्टच्या आसपास आला तर पेट्रोल जास्त, ०.१ च्या आसपास आला तर कमी. पुढचा फवारा त्याप्रमाणे लहान-मोठा होतो. मे महिन्यातल्या विरळ हवेला पेट्रोलही आपोआप कमी मिळतं.

भारतात मोटारींना ही पेटी आधी मिळाली, दुचाकींना फार उशिरा. २००६ मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, पुढच्याच वर्षी पुणेकर बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय. दोन्ही महागड्या म्हणून मोजक्याच विकल्या गेल्या. गावोगावी इंजेक्शन पोचवलं ते कायद्याने. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचं माप लागू झालं, त्याआधीच्या मापाच्या नव्या गाड्या विकायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, आणि साध्या १०० सीसी गाडीलाही इंजेक्टर आला. मेकॅनिकच्या हाती स्क्रू ड्रायव्हरसोबत स्कॅनर आला. ही कारागिरांची खरी कमाई आहे: कान तयार असलेल्या माणसाने एरर कोडही वाचायला शिकणं सोपं नाही.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला कमी हवा पुरते; १४.७ चं प्रमाण १३.५ च्या जवळ येतं. लॅम्डा सेन्सरवाली गाडी फवारा थोडा लांबवून ते सावरते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला तसं सांगणारं कुणी नसतं. ती रेस घ्यायला अडखळली, तर जेटचा नंबर वाढवायचा की नाही, हे आजही मेकॅनिकलाच ठरवावं लागतं.