तळटीप : पुनर्जन्म कशाचा, कोणाचा?
१२. येथे अभिप्रेत असलेला पुनर्जन्म म्हणजे आत्म्याचे देहांतर नव्हे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी प्रश्नाची दोन टोके वेगळी केली : पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा? देह पृथ्वी, आप, तेज, वायू यांचा. मृत्यूनंतर हे घटक विश्वातल्या आपापल्या साठ्याला मिळतात आणि त्यांतूनच नवे जीव घडतात. तीच व्यक्ती परत येणे मात्र त्यांना अत्यंत असंभाव्य वाटते. मग या जन्मीची जात आणि दारिद्र्य गतजन्मीच्या पापाच्या खाती मांडता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्मदीक्षेच्या वेळी त्यांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञाही या विचाराशी सुसंगत आहे. — संपा.