आधी भोक बुजवा

वटारच्या मंडळींना बांध म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. खाजणाच्या बांधाला खेकड्याने भोक पाडले आणि खारे पाणी शेतात शिरू लागले, तर शहाणा माणूस नुसते पाणी उपसत बसत नाही. तो आधी भोक शोधतो आणि ते बुजवितो. एवढी साधी गोष्ट डोळ्याच्या बाबतीत डॉक्टरांना पटावयास विसावे शतक उजाडावे लागले. तोवर असंख्य माणसे आंधळी झाली, आणि त्यांत जाड भिंगाचा चष्मा लावणारे फार होते.

असे का व्हावे? धडधाकट डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. ज्यांचा नंबर उणे ६ च्या पलीकडे गेला, त्यांचा डोळा बहुधा २६ मिलिमीटरहून अधिक लांबलेला असतो. गोळा ताणला की आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, तोही ताणतो आणि कडेला जुन्या धोतरासारखा विरतो. डोळ्यात भरलेला पारदर्शक गर अशा लोकांत लवकर पातळ होतो व पडद्यापासून सुटताना विरलेली जागा ओढून फाडतो. त्या फाटीतून पाणी पडद्यामागे शिरते आणि पडदा भिंतीपासून सुटू लागतो. सुटलेल्या भागाला मागून पोषण मिळत नाही. चष्मा बदलून यातले काहीच सुधारत नाही.

१८५१ साली जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी कोक्सियस यांनी पडद्यावरील फाटीचे वर्णन केले. म्हणजे भोक दिसले होते. परंतु सारा रोग त्यातूनच होतो हे मानावयास बहुतेक डॉक्टर तयार नव्हते. ते रोग्याला आठवडेच्या आठवडे उताणे निजवीत, सुईने पाणी काढीत, आणि पाणी पुन्हा भरे. १९१२ साली अमेरिकेतील डॉ. व्हेल यांनी आपल्या व्यवसायबंधूंकडे चौकशी केली, तेव्हा गुण येण्याचे प्रमाण हजारात एक असे निघाले. थिओडोर रूझवेल्ट लहानपणापासून जाड चष्मा लावीत. अमेरिकेचे अध्यक्ष असताना मुष्टियुद्धाच्या सरावात डोळ्यावर ठोसा बसला आणि त्यांचा डावा डोळा गेला. सत्ता होती, पैसा होता, उपाय नव्हता.

तो उपाय स्वित्झर्लंडमधील लोझान गावच्या ज्यूल गोनँ यांनी काढला. अशा डोळ्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे अभ्यास करून, आधी भोक बुजविले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. पहिल्या महायुद्धानंतर लवकरच त्यांनी भोकाची जागा डोळ्याच्या बाहेरून मोजून तेथे तापलेले टोक टोचले. भाजल्या जागी व्रण धरला आणि पडदा चिकटला. पुष्कळांनी शंका घेतल्या. अखेर १९२९ साली ॲम्स्टरडॅमच्या जागतिक परिषदेत गोनँ यांचे म्हणणे मान्य झाले. पुढे १९४९ साली कुस्टोडिस यांनी बाहेरून टेकू शिवण्याची रीत काढली, १९६० नंतर लेसर आला, आणि १९७० च्या सुमारास माखेमर यांनी डोळ्यातला गरच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आज दहांपैकी आठ-नऊ पडदे एकाच शस्त्रक्रियेत बसतात. मोठ्या नंबरामुळे पडद्याच्या मध्यभागाची जी झीज होते, ती मात्र अजून भरून काढता येत नाही.

मग माणसे अजूनही आंधळी का होतात? वेळ गेल्यामुळे. आमच्या युनियनमधला एक जुळारी उणे बाराच्या चष्म्याने खिळे जुळवीत असे. एके दिवशी त्याला डोळ्याच्या कोपऱ्यात विजा चमकताना दिसल्या, मग काजळीचे कण, मग एका बाजूने चढत येणारी सावली. महिनाअखेरीची घाई होती, मालक रजा देईना, खाडा परवडत नव्हता. तो बारा दिवसांनी मुंबईच्या रुग्णालयात गेला, तेव्हा पडद्याचा मधला भागही सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पडदा बसला. पण त्या डोळ्याला खिळ्यावरचे अक्षर पुन्हा दिसले नाही. मधला भाग सुटण्याआधी एक-दोन दिवसांत तो पोहोचता, तर बहुधा त्याची रोजी वाचली असती.

दोष मालकाचा होता, तसा आमचाही होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात उडणाऱ्या कपच्या व प्रखर उजेडापासून डोळे राखण्याचे कलम होते. त्यासाठी आम्ही भांडलो. त्याच वर्षीच्या राज्य विमा कायद्याने विमेदार कामगाराला आजारपणात रजा व भत्ता मिळवून दिला. परंतु मोठ्या नंबराच्या कामगाराच्या बाहुल्या औषधाने मोठ्या करून वर्षातून एकदा पडदा तपासावा, ही मागणी आमच्या कोणत्याही मागणीपत्रात नव्हती. बोनसची होती, महागाई भत्त्याची होती, ही नव्हती. आणि ठेक्यावरचा मजूर तर पुष्कळदा विम्याच्याही बाहेरच राहिला.

म्हणून आमचे एवढेच मागणे आहे. घरात कोणाचा चष्मा जाड असेल, तर विजा, नवे कण आणि सावली ही तीन नावे त्याला पाठ करवा. यातले एकही दिसले तर त्याच दिवशी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे धाडा. फाट नुसती असेल तर लेसरने तिच्याभोवती बांध घालता येतो. एका दिवसाचा खाडा पडेल. तो पडू द्या.