केगेल यांचा व्यायाम आणि हरवलेलं यंत्र

खोकताना, शिंकताना लघवी निसटते, अंग बाहेर येतं. या तक्रारी बायका पिढ्यान् पिढ्या अंगावर काढत आल्या. त्यांवरचा विनाशस्त्रक्रिया उपायही जुनाच. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक ग्रंथांत अंग आत राहावं म्हणून डाळिंबाची अर्धी फोड बसवायला सांगितली आहे. आजची सिलिकॉनची पेसरी त्याच विचाराची. पण हा झाला बाहेरून दिलेला टेकू. ओटीपोटाच्या तळाचे स्नायूच बळकट करायचे, हा विचार वेगळा.

१९३६ साली ब्रिटनमध्ये मार्गारेट मॉरिस यांनी या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं होतं. मॉरिस मूळच्या नर्तिका. तरी नाव झालं ते लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांचं. त्यांचा गाजलेला लेख १९४८चा.

आता केगेल नेमकं काय म्हणाले, ते आपण नीट पाहू. ‘स्नायू आवळा’ एवढंच सांगून ते थांबले नाहीत. हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत, मग ते बरोबर आवळले जातायत हे बाईला कळणार कसं? त्यासाठी त्यांनी पेरिनिओमीटर बनवला. योनीत ठेवायची हवेची नळी आणि तिला जोडलेला दाबमापक. स्नायू आवळला की काटा सरकतो. रोज तीन वेळा, वीस-वीस मिनिटं, काट्याकडे बघत सराव करायचा. आज ज्याला बायोफीडबॅक म्हणतात, ते हेच.

पुढे झालं काय, तर व्यायाम जगभर पसरला आणि यंत्र मागे पडलं. उरली ती तोंडी सूचना. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी समजावून तपासलं गेलं. नीट जमलं २३ जणींना. १२ जणी तर असा जोर लावत होत्या की त्याने त्रास वाढण्याचीच शक्यता.

म्हणजे व्यायामच कुचकामी का? तसं नाही. १९९९ साली नॉर्वेच्या कारी बो आणि सहकाऱ्यांनी १०७ स्त्रियांवर सहा महिने चाचणी घेतली. विद्युत उत्तेजना आणि योनीत धरायची वजनं यांच्यापेक्षा व्यायामच सरस ठरला. पण तिथे आधी प्रत्येकीला आवळणं जमतंय का हे तपासलं होतं, आणि सरावावर फिजिओथेरपिस्टची देखरेख होती.

म्हणून ‘केगेल करून पाहिलं, फरक पडला नाही’ असं कुणी म्हणालं, तर आपण आधी विचारायला हवं: ते बरोबर होतंय का, हे कुणी तपासलं होतं का?