ट्रकवर बॅटरी ठेवायची कुठे? सव्वाशे वर्षांचा एक हिशेब

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेखाली विद्युत ट्रकांसाठी प्रोत्साहन जाहीर केले: प्रत्येक ट्रकमागे कमाल ९.६ लाख रुपये आणि एकूण सुमारे ५,६०० ट्रक. बातमीवरील चर्चा किंमत, चार्जिंग केंद्रे आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर, याभोवतीच फिरली. पण जड वाहनात वीज साठवण्याचा प्रश्न याहून बराच जुना आहे. डिझेल किंवा पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर यांचा संकर करणाऱ्या वाहनांनी तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच हाताळला होता आणि काही काळाने चक्क सोडून दिला होता. तो का सोडला गेला आणि आता पुन्हा का हाती घेतला जात आहे, हे समजण्यासाठी भौतिकशास्त्र नववी-दहावीचे पुरते.

सुरुवात कोलकात्यापासून करू. या शहरात घोड्यांची ट्राम २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी धावली. १८८२ मध्ये वाफेच्या इंजिनाचे प्रयोग झाले आणि २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर मार्गावर विद्युत ट्राम सुरू झाली. ट्रामने वीज साठवली नाही. ती डोक्यावरच्या तारेतून घेतली आणि रुळांवाटे मंडळ पूर्ण केले. ऊर्जेचा स्रोत वाहनाबाहेर ठेवल्यामुळे तिचे वजन वाहण्याचा प्रश्नच उरला नाही. याच खिदिरपूरच्या गोदीकडे जाणाऱ्या मालवाहू वाहनांना मात्र ही सोय नव्हती. मालवाहू गाडीला गल्लीबोळात, गोदामाच्या दारात, तार नसलेल्या प्रत्येक ठिकाणी जावे लागते. म्हणून तिला आपली ऊर्जा आपल्याच पाठीवर घ्यावी लागते.

त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये फर्डिनांड पोर्शे हा तरुण अभियंता लोहनर कंपनीसाठी विद्युत गाड्या बनवत होता. मोटरी थेट चाकाच्या तुंब्यात बसवणे ही त्याची कल्पना. १९०० साली इंग्लंडमधील एका ग्राहकासाठी त्याने चारही चाकांत मोटरी असलेली गाडी तयार केली. तिच्या शिशाच्या बॅटरीचेच वजन १,८०० किलो होते. गाडी माणसांपेक्षा बॅटरीच अधिक वाहत होती. यावर पोर्शेने काढलेला मार्ग म्हणजे ‘सेम्पर विवस’ ही संकरित गाडी: बॅटरी लहान करायची, तिच्या जोडीला पेट्रोल इंजिनावर चालणारे जनित्र ठेवायचे आणि चालता चालता वीज तयार करायची.

पुढचे पाऊल अधिक बोलके आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याला स्कोडाच्या ३८ आणि ४२ सेंटिमीटर तोफा हलवायच्या होत्या. पोर्शेने त्यासाठी ‘सी-झुग’ हा पेट्रोल-विद्युत ओढगाडा तयार केला. इंजिन जनित्र फिरवी, जनित्राची वीज केबलने मागच्या ट्रेलरच्या चाकांतील मोटरींना जाई. या रचनेत वाहन चालवणारी बॅटरी नव्हतीच. भार जितका प्रचंड, तितके शिसे वाहून नेणे परवडेनासे होते, हा धडा अभियंत्यांनी स्वीकारला होता.

तोच धडा खाणींनी उचलला. १९६३ मध्ये अमेरिकेतील युनिट रिग कंपनीचा ‘लेक्ट्रा हॉल’ हा डिझेल-विद्युत डंपर आला आणि पुढे जगभरच्या मोठ्या खाणींत ही रचना रूढ झाली. ज्या कोल इंडियाचे मुख्यालय कोलकात्यात आहे, तिच्या सिंगरौली भागातील खाणींत १९० टन भार उचलणारे डंपर चालतात. असा डंपर उतारावर वेग रोखताना चाकांतील मोटरींनाच जनित्र बनवतो. येथवर सगळे एखाद्या आधुनिक संकरित गाडीसारखेच आहे. फरक इतकाच, की तयार झालेली वीज साठवायला जागा नसते. ती मोठ्या प्रतिरोधकांच्या जाळीत सोडतात आणि पंखा लावून उष्णता हवेत उडवतात. भरपूर डिझेल जाळून चढवलेले वजन, उतरताना निव्वळ गरम वारा होऊन जाते.

हे वाया जाणे किती, आणि ते वाचवणे इतके अवघड का?

आधी सपाट रस्त्यावरचा ट्रेलर घेऊ. एकूण वजन ४९ टन, वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. गतिज ऊर्जा = ½ × ४९,००० × १६.७², म्हणजे सुमारे ६८ लाख जूल. वीजबिलाच्या भाषेत हे सुमारे १.९ युनिट होतात. आकडा लहान वाटेल. पण एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६० लाख जूल असतात आणि चांगले इंजिन त्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपासच चाकांपर्यंत पोचवते. म्हणजे हा ट्रेलर प्रत्येक वेळी पूर्ण थांबतो, तेव्हा जवळजवळ अर्धा लिटर डिझेलाची कमाई ब्रेकच्या ड्रमवर झिजून जाते. बंदराच्या वाटेवर सिग्नल, वळणे आणि कोंडी यांत असे थांबे किती येतात, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता खरा पेच पाहा. १.९ युनिट साठवायला शिशाची बॅटरी किती लागेल? किलोमागे ३५ वॉट-तास धरले, तर ५५ किलो पुरे. मग गेल्या शतकातच हे का झाले नाही? कारण ट्रेलर २० सेकंदांत थांबतो. ६८ लाख जूल २० सेकंदांत म्हणजे सरासरी ३४० किलोवॉट. शिशाची बॅटरी सावकाश भरणारी. तासाभरात पूर्ण भरण्याच्या गतीनेच तिला वीज द्यायची ठरवली, तर ३४० किलोवॉट गिळण्यासाठी ३४० युनिटांची बॅटरी हवी. तिचे वजन साडेनऊ टनांहून अधिक! प्रश्न साठवणुकीचा नव्हता, गिळण्याच्या वेगाचा होता. तोंड अरुंद असलेल्या घड्यात धो धो पाऊस साठवायचा, तर एक घडा पुरत नाही. अंगणभर घडे मांडावे लागतात.

कोलकात्याचा या शिशाशी जुना संबंध आहे. शहराच्या उत्तरेस हुगळीकाठी श्यामनगर येथे १९४६ मध्ये बॅटरीचा कारखाना उभा राहिला. पुढच्याच वर्षी नोंदली गेलेली ती कंपनी आज एक्साइड या नावाने घरोघरी माहीत आहे. ट्रकमध्ये तिच्यासारख्या बॅटरीचे काम मात्र ठरलेले: इंजिन सुरू करणे आणि दिवे लावणे. काही सेकंद जोराचा प्रवाह द्यायचा आणि मग सावकाश भरत राहायचे. ब्रेकची ऊर्जा गिळणे हे नेमके उलटे काम होते.

लिथियम-आयन घटांनी हे चित्र बदलले, ते मुख्यतः या वेगामुळे. शक्तीसाठी घडवलेले लिथियम घट तासाभराऐवजी १२ मिनिटांत भरण्याइतका प्रवाह सहज घेऊ शकतात. त्या हिशेबाने ३४० किलोवॉटसाठी ६८ युनिट पुरतात, आणि वजन येते सुमारे अर्धा टन. साडेनऊ टनांवरून अर्ध्या टनावर! चालकाने लांबूनच वेग कमी केला आणि थांबायला २० ऐवजी ४० सेकंद घेतली, तर हाही आकडा निम्मा होतो. संकरित ट्रकमध्ये चालकाचा पाय हा बॅटरीच्या रचनेचाच एक भाग असतो, तो असा.

परंतु अर्धा टन ठेवायचा कुठे? ट्रकची चासी म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्यांची शिडी. तिच्या बगलेत डिझेलची टाकी, हवेच्या टाक्या असतातच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि युरियाची टाकी हेही तिथेच आले. त्या यंत्रणेला उष्णता हवी, बॅटरीला मात्र माणसाला मानवेल तसे तापमान. दोघांचा शेजार नको, पण जागा तर एकच! केबिनच्या मागे उभी चौकट करून बॅटरी ठेवता येते, पण मग गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ट्रेलर वळण्यास लागणारी मोकळी जागा घटते.

बसने हा प्रश्न छतावर सोडवला. २०१९ पासून कोलकात्याच्या रस्त्यांवर टाटा मोटर्सच्या ८० विद्युत बस आल्या. या मालिकेतील बॅटऱ्या छतावर ठेवण्याचे एक कारण कंपनीने साचणाऱ्या पाण्यापासून बचाव असे सांगितले होते. पावसाळ्यातील कोलकाता पाहिलेल्या कोणालाही, आणि मुंबईकरालाही, ते पटेल. ट्रकला मात्र छत मोकळे नसते. तिथे कंटेनर असतो. म्हणून ट्रकची बॅटरी खालीच राहते आणि पाणी, चिखल, दगड यांना तोंड देते.

शिवाय खराब रस्त्यावर ती शिडी पिळवटते. बॅटरीची पेटी ताठ असते. ती चारही कोपऱ्यांत घट्ट आवळली, तर चासीचा पीळ पेटीत उतरून तिला चिरा जातील. म्हणून तीन बिंदूंवर किंवा रबरी बैठकांवर ती टांगतात. धक्क्याचे गणितही आहेच. बॅटरीच्या सुरक्षेविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या शंभराव्या नियमात मोटारीच्या बॅटरीची पुढच्या दिशेतील धक्का-चाचणी गुरुत्वत्वरणाच्या २० पट घेतात, तर सर्वांत जड ट्रकसाठी ६.६ पट. जड वाहन अपघातातही तितक्या झटक्याने थांबत नाही, हे त्यामागचे कारण. तरीही ५०० किलोच्या पेटीवर त्या क्षणी ३,३०० किलो वजनाइतके बल येते. ते पेलायचे कोणी? काही बोल्टांनी. भारतात अशा चाचण्या एआयएस-०३८ या मानकानुसार होतात. पुण्याची एआरएआय ही त्यातील एक प्रमुख संस्था.

आता सपाट बंगाल सोडून घाटात येऊ. लोणावळ्याहून खोपोलीस उतरणारा तोच ४९ टनांचा ट्रेलर सुमारे ५५० मीटर खाली येतो. वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे सुमारे ७३ युनिट. यातून घर्षण आणि हवेचा विरोध वजा जाईल, पण उरेल तेही सपाट रस्त्यावरच्या एका थांब्याच्या कितीतरी पट. आणि हे २० सेकंदांत नव्हे, बऱ्याच मिनिटांत मिळते. म्हणजे कोलकात्याच्या ट्रकला लहान पण चपळ बॅटरी हवी आणि भोर घाटातल्या ट्रकला मोठी, थोडी संथ असली तरी चालेल. ‘भारतीय ट्रकसाठी योग्य बॅटरी’ असे एकच उत्तर असू शकत नाही. ते रस्त्याच्या नकाशावर ठरते.

खाणीतही तसेच. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या एका खाणीत डिझेल डंपर बदलून त्यावर सुमारे ६०० युनिटांची, साडेचार टनांची बॅटरी बसवली गेली. तिथे खाण डोंगरावर आणि कारखाना खाली. डंपर भरलेला उतरतो, रिकामा चढतो, म्हणून उतरतानाची कमाई चढण्याचा खर्च मोठ्या प्रमाणात भागवते. आपल्या कोळशाच्या खुल्या खाणी जमिनीत खोल आहेत. डंपर रिकामा उतरतो आणि भरून चढतो. १९० टन भाराचा डंपर, स्वतःचे वजन १३० टनांच्या आसपास धरले, तर दर १०० मीटरला उतरताना ३५ युनिट देऊ शकतो, आणि चढताना ८७ मागतो. बॅटरी येथे चमत्कार करणार नाही. पण आज जाळीतून हवेत जाणाऱ्या त्या ३५ युनिटांतील मोठा वाटा प्रत्येक फेरीत परत मिळणे, हेही थोडे नाही.

शेवटी पुन्हा तारेकडे. जून २०१६ मध्ये स्वीडनमध्ये येव्ले शहराजवळ महामार्गावर दोन किलोमीटर तारा टांगून स्कॅनियाचे संकरित ट्रक चालवून पाहिले गेले. तार असेल तिथे वीज तारेतून घ्यायची, नसेल तिथे बॅटरी आणि इंजिन. तार जितकी लांब, तितकी पाठीवरची बॅटरी लहान. कोलकात्याने १९०२ मध्ये जे तत्त्व रस्त्यावर उतरवले, तेच हे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान हा एक मार्ग वगळता ट्राम थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्या तारा उतरवताना हे ध्यानात असावे, की जड वाहनाच्या ऊर्जेच्या प्रश्नाचे सर्वांत हलके उत्तर या शहराकडे होते.

विद्यार्थी मित्रांसाठी एक गणित सोडतो. आपल्या गावाजवळचा एखादा घाट निवडा, त्याची उंची आणि उतरायला लागणारा वेळ काढा. ऊर्जा आणि शक्ती हे दोन आकडे वेगवेगळे लिहा, आणि मग बॅटरी ठरवा. वाहनांच्या जाहिराती बहुधा पहिलाच आकडा सांगतात.