शेतगाडीचें घर

जुन्या अमेरिकन चित्रांतून पांढऱ्या छताच्या गाडींत आरामांत बसलेलीं बायकामुलें दिसतात. तीं फारशीं खरीं मानूं नयेत. इ. स. १८४० नंतर हजारों कुटुंबें मिसुरी नदीकांठाहून ऑरेगॉन-कॅलिफोर्नियाकडे निघालीं. वाट सुमारें २००० मैलांची. प्रवास पांचसहा महिन्यांचा. त्यासाठीं बहुतेकांनीं साधी शेतगाडीच सजविली. सुमारें ४ फूट रुंद व १० फूट लांब साटीवर लांकडी कमानी वांकवून बसविल्या, त्यांवर जवसाचें तेल पाजलेलें जाड कापड ताणलें, मागें डांबर व चरबी यांच्या वंगणाची बादली टांगली, कीं झालें घर!

पण या घरांत राहिलें कोण? पिठाचीं पोतीं, खारवलेलें मांस आणि अवजारें. गाडीस स्प्रिंगा नव्हत्या. आजारी माणसें व तान्हीं मुलें सोडलीं तर बहुतेक सारे पायींच चालत. कोरड्या हवेंत चाकांचें लांकूड आकसे व लोखंडी धांवा ढिल्या पडत. मग पाचरी ठोकावयाच्या, नाहीं तर चाकें नदींत भिजत घालावयाचीं. बैल थकले कीं ओझें कमी करणें भागच पडे. माहेराहून आलेलें कपाट प्रथम जाई. १८४९ सालीं फोर्ट लारामीजवळ लोखंडी चुली, पेट्या आणि खारवलेल्या मांसाचे ढीग बेवारस पडले होते.