धूम्रपान सोडताना सोबत्यांचा आधार

सिगारेट किंवा बिडी सोडू पाहणाऱ्या माणसाला, त्याच अनुभवातून जात असलेल्या किंवा त्यातून बाहेर पडलेल्या माणसांकडून मिळणारी साथ. ती देणारा शिकलेला तज्ज्ञच असावा लागतो असे नाही. तलफ काय असते हे त्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असते, हीच त्याची पात्रता. दोघांची जोडी, आठवड्याला भेटणारा गट, व्यसनमुक्त झालेला समुपदेशक, कामावरचा सहकारी, फोनवरचा सोबती अशी या आधाराची अनेक रूपे आहेत. घरच्यांच्या पाठिंब्याहून तो वेगळा असतो. कधीही न ओढलेल्या आईला किंवा बायकोला काळजी असते, पण चौथ्या दिवशी हा माणूस क्षुल्लक कारणावरून का भडकतो हे तिला उमगेलच असे नाही. सोबत्याला ते न सांगता कळते. या साथीची सर्वाधिक गरज पहिल्या चार आठवड्यांत भासते. ती औषधोपचाराला पर्याय नाही. त्याला जोड आहे.

पहिले आठवडे

निकोटीनचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे शेवटची सिगारेट विझवल्यानंतर काही तासांतच त्रास सुरू होतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात त्याला ‘विथड्रॉवल’ म्हणतात. चिडचिड, बेचैनी, उदासी, कामात लक्ष न लागणे, झोपमोड, वाढलेली भूक ही त्याची मुख्य लक्षणे. काहींना बद्धकोष्ठ होते, तोंड येते, खोकला वाढतो. पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हा त्रास टिपेला पोहोचतो आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. भूक मात्र त्यानंतरही बरेच दिवस वाढलेली राहते.

मदतीविना सोडणाऱ्यांविषयीच्या अभ्यासांचा आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार यांतील बहुतेक लोक पहिल्या आठ दिवसांतच पुन्हा ओढू लागतात आणि सहा ते बारा महिन्यांनंतर त्यांतले केवळ ३ ते ५ टक्केच धूम्रपानमुक्त राहिलेले आढळतात. हे आकडे दुबळ्या इच्छाशक्तीचे नव्हेत. मेंदूला पडलेली निकोटीनची सवय किती चिवट असते, ते यांतून दिसते.

तलफ सतत टिकून राहत नाही. ती उसळते आणि बहुधा काही मिनिटांत उतरते. ती कधी उसळणार हेही बरेचसे ठरलेले असते : सकाळी शौचाला जाण्यापूर्वी, जेवणानंतर, चहाबरोबर, साहेबांशी खटका उडाल्यावर, किंवा दुपारी सगळे टपरीवर उतरतात तेव्हा. मदतही याच मोजक्या मिनिटांत हाताशी असावी लागते. दवाखान्याची पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची असते. सोबत्याचा फोन लगेच लागू शकतो.

सोबती काय करतो

पहिले काम धीर देण्याचे. दुसऱ्या रात्री झोप उडालेल्या माणसाला आपले काहीतरी बिघडले आहे अशी भीती वाटते. महिन्यापूर्वी यातून गेलेला माणूस ‘मलाही असंच झालं होतं, आठवड्याभरात झोप लागायला लागली’ असे सांगतो तेव्हा ती भीती बरीच कमी होते.

दुसरे काम तलफेची मिनिटे निभावून नेण्याचे. थोडे थांबणे, खोल श्वास घेणे, पाणी पिणे आणि हाताला दुसरे काम देणे हा चार गोष्टींचा उपाय सर्वत्र शिकवला जातो. सोबती तो टपरीवर अमलात आणायला मदत करतो. समजा, अकराच्या सुटीत चौघे खाली उतरले. एकाने सवयीने पाकीट पुढे केले. सोडणारा क्षणभर घुटमळला. सोबत्याने आधीच ठरवून ठेवलेले असते : तो दोन कटिंग घेऊन त्याला रस्त्याच्या पलीकडे नेतो, कामाचा विषय काढतो आणि चहा संपला की दोघे वर जातात. उपदेशाचा एकही शब्द बोलला जात नाही, पण दिवसातली सगळ्यांत अवघड वेळ टळते.

चहाबाबत एक बारकावा सोबत्याने जरूर सांगावा. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे शरीरातील कॅफीनचा निचरा वेगाने होत असतो. धूम्रपान थांबले की तो मंदावतो. तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातील कॅफीन वाढते, छातीत धडधडते, झोप उडते. सिगारेट सोडल्याचाच हा त्रास आहे असे समजून माणूस पुन्हा ओढू लागतो. पहिल्या आठवड्यांत चहा-कॉफी निम्म्यावर आणली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

तिसरे काम बांधिलकीचे. उद्या कुणीतरी विचारणार आहे, एवढ्यानेही हात आवरतो. अनेक गटांत प्रत्येक भेटीत श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजतात. खोल श्वास घेऊन थोडा वेळ रोखायचा आणि नळीत सावकाश सोडायचा. गेल्या आठवड्यात २५ पीपीएम असलेला आकडा आज ३ वर आलेला सगळ्यांना दिसतो. धूम्रपान थांबल्यावर हा वायू एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जात असल्याने, कष्टाचे हे पहिले दृश्य फळ होय.

चौथे काम घसरलेल्याला सावरण्याचे. लग्नात किंवा मित्रांच्या बैठकीत एखादी सिगारेट ओढली जाते, मग ‘आता मोडलंच आहे’ म्हणून पाकीट विकत घेतले जाते. एक सिगारेट आणि पुन्हा लागलेले व्यसन यांत पुष्कळ अंतर आहे. सोबत्याने त्याच रात्री फोन करून उरलेल्या सिगारेटी फेकायला लावल्या, तर ते अंतर टिकवता येते.

इतिहास

१९६० च्या सुमारास अमेरिकेत सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे धर्मोपदेशक एल्मन फोकनबर्ग आणि डॉ. जे. वेन मॅकफार्लंड यांनी पाच दिवसांची योजना सुरू केली. सलग पाच संध्याकाळी लोक एकत्र जमत आणि सहभागींच्या जोड्या लावल्या जात. १९३५ साली स्थापन झालेल्या, दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवर १९८२ साली कॅलिफोर्नियात धूम्रपान सोडणाऱ्यांचे स्वमदत गट सुरू झाले; पुढे त्यांना निकोटीन ॲनॉनिमस हे नाव मिळाले. सगळ्यांनी एकाच दिवशी सोडायचे, ही कल्पना ‘ग्रेट अमेरिकन स्मोकआउट’ने १९७७ पासून देशभर नेली. इंग्लंडमध्ये २०१२ साली सुरू झालेली ‘स्टॉपटोबर’ मोहीम ऑक्टोबरातील २८ दिवसांचे आव्हान देते.

उपचारपद्धती म्हणून या साथीला बांधीव रूप मिळाले ते लंडनमधील मॉडस्ली रुग्णालयाच्या परंपरेत, पीटर हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. या गटांत सर्व सभासद एकाच दिवशी सोडतात आणि पुढचे काही आठवडे दर आठवड्याला भेटतात. तज्ज्ञ व्याख्यान देत बसत नाही. सभासदांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत, एकमेकांना उत्तरे द्यावीत, यासाठी तो मागे राहतो.

पुरावा

ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सोडणाऱ्यांना एकेकटे किंवा दुसऱ्या सोडणाऱ्याशी जोडी लावून उपचार दिले गेले. उपचाराच्या अखेरीस जोडीतल्या २७ टक्के, तर एकट्यांपैकी १२ टक्के लोकांनी धूम्रपान थांबवलेले होते. गटोपचारांवरील चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन आढावा (२०१७) सांगतो की, केवळ माहितीपुस्तिकेच्या आधारे स्वतःहून सोडण्यापेक्षा गटात सोडणाऱ्यांचे यश सुमारे दीडपट ते दुपटीहून थोडे अधिक असते. मात्र तेवढ्याच वेळेच्या वैयक्तिक समुपदेशनापेक्षा गट सरस असल्याचे या आढाव्यात सिद्ध झालेले नाही. जोडीदाराला पाठिंबा कसा द्यावा याचे प्रशिक्षण दिल्याने यश वाढल्याचेही २०१८ च्या आढाव्यात दिसले नाही. त्यामुळे कोणत्याही आपुलकीचा आपोआप उपयोग होईल, असे गृहीत धरता येत नाही.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ मधील नोंदींवरून निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी दाखवले, की माणसे अनेकदा घोळक्याने धूम्रपान सोडतात. एका मित्राने सोडल्यास दुसरा ओढत राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी घटलेली त्यांना आढळली.

भारत आणि महाराष्ट्र

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखूचे २४.४ टक्के होते. त्यामुळे इथल्या सोबत्यावर एक जादा जबाबदारी येते. ‘ओढण्यापेक्षा चिमूटभर तंबाखू मळ’ हा मित्रत्वाचा सल्ला घातक आहे; त्याने निकोटीनचे व्यसन कायम राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. देशात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया सुमारे दोन टक्के आहेत, आणि बदनामीच्या भीतीने त्यांतल्या अनेक जणी ते लपवतात. त्यांच्यासाठी फोनवरची किंवा फक्त स्त्रियांच्या गटातील साथ अधिक सोयीची ठरते.

व्यसनातून बाहेर आलेल्याने दुसऱ्याला हात द्यायचा, ही रीत महाराष्ट्रात रुजवण्यात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा मोठा वाटा आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या या केंद्रात व्यसनमुक्त झालेले रुग्णमित्र कार्यकर्ते म्हणून काम करतात. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०१६ पासून सुरू आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटनंतर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासह आणखी काही केंद्रांतून ती चालवली जाऊ लागली. तिथला समुपदेशक आणि जवळचा सोबती अशी दुहेरी मदत घेणे उत्तम.

मर्यादा आणि खबरदारी

दोघांच्या जोडीत एक घसरला की दुसराही घसरण्याची भीती असते. म्हणून तिघा-चौघांचा गट, किंवा जोडीला सोडून वर्ष झालेला एखादा जुना सभासद असावा. सोबत्याने पाळत ठेवू नये, खिसे तपासू नयेत, चारचौघांत लाजवू नये. ओरडा बसेल या भीतीने माणूस ओढलेली सिगारेट लपवतो आणि मदतीचा मार्गच बंद होतो.

दिवसाची पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर व्यसन तीव्र समजावे आणि निकोटीनचे च्युइंगम, पॅच किंवा व्हॅरेनिक्लिनसारख्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही समुपदेशन आणि औषध यांची सांगड घालतात. क्लोझापीन, ओलान्झापीन किंवा थिओफिलीन घेणाऱ्यांनी धूम्रपान सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, कारण मात्रा बदलावी लागू शकते. खोल उदासी किंवा आत्महत्येचे विचार दिसले, तर सोबत्याने ते स्वतःपुरते न ठेवता त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

पहिल्या आठवड्यात रोज बोलणे, पुढे दिवसाआड, चौथ्या आठवड्यात दोनदा, असा क्रम साधारणपणे सोयीचा ठरतो. चार आठवड्यांनी शरीराचा त्रास बहुतेक संपलेला असतो, पण सणवार, प्रवास, घरातले दुःख अशा प्रसंगी जुनी तलफ परतू शकते. म्हणून गटाची शेवटची भेट झाली तरी फोन चालू ठेवावा, आणि जो सावरला त्याला नव्या माणसाची जबाबदारी द्यावी. तिच्यामुळे नव्याला आधार मिळतो आणि जुन्याचाही निश्चय पक्का राहतो.