रोटी, मद्य आणि बेटी : परधर्मीयांनी भाजलेल्या पावासंबंधीचा यहुदी नियम

प्रस्तावना

यहुदी आहारनियमांची ओळख बहुतेक वाचकांना डुकराच्या मांसाचा निषेध आणि मांस व दूध एकत्र न करण्याची प्रथा एवढ्यापुरतीच असते. या दोन्ही नियमांत निषेधाचा विषय पदार्थ हाच आहे. परंतु याच आहारशास्त्रात असाही एक नियम आहे, की ज्यात पदार्थ सर्वस्वी निर्दोष असतो. पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांपैकी काहीच निषिद्ध नाही. तरीही त्यांपासून परधर्मीयाने भाजलेला पाव यहुदी माणसाने खाऊ नये, असे हा नियम सांगतो. (पावात किंवा साच्याला निषिद्ध चरबी लावली आहे काय, हा प्रश्न अगदी वेगळा; त्याचा येथे विचार केलेला नाही.) पाव हे रोजचे अन्न असल्यामुळे हा निर्बंध श्रीमंतापेक्षा गरिबाला आणि गावात राहणाऱ्यापेक्षा प्रवाशाला अधिक जाचक होता. म्हणूनच दोन हजार वर्षांत तो पूर्णपणे पाळलाही गेला नाही आणि रद्दही झाला नाही. हे कसे घडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नियमाचा उगम

तोरेत, म्हणजे मोझेसच्या पाच ग्रंथांत, भक्ष्य व अभक्ष्य प्राण्यांची सविस्तर यादी आहे. पाव कोणी भाजावा याविषयी मात्र एक शब्दही नाही. परक्यांच्या अन्नापासून दूर राहण्याची वृत्ती प्रथम दिसते ती नंतरच्या वाङ्मयात. दानिएल राजाच्या पंक्तीचे अन्न व मद्य नाकारतो. तोबितच्या ग्रंथात निनवे येथे बंदिवासात असलेला नायक सांगतो की, आपले सारे भाऊबंद परकीयांचे अन्न खात असत, आपण मात्र ते टाळले. यूदिथ शत्रूच्या छावणीत जाते तीही स्वतःची शिदोरी बांधूनच. या कथांमध्ये कायदा नाही, आचार आहे. आणि तोबितच्या तक्रारीवरून तो आचार सर्वांचा नव्हता हेही उघड होते.

या आचाराला कायद्याचे रूप मिळाले ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात. हनन्या बेन हिज्कियाच्या माडीवर जमलेल्या पंडितांत शम्मायच्या अनुयायांची संख्या हिल्लेलच्या अनुयायांपेक्षा अधिक भरली आणि त्या दिवशी अठरा निर्बंध संमत झाले, असे परंपरा सांगते. हा प्रसंग इ.स. 66 मध्ये रोमविरुद्ध झालेल्या उठावाच्या आगेमागे घडला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. परकीयांचा पाव, तेल व मद्य यांवरील बंदी या निर्बंधांशी जोडली जाते. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत या बंदीची स्पष्ट नोंद असून तेथे एक महत्त्वाची पुस्ती आहे : हे पदार्थ खाण्यास मनाई आहे, पण त्यांपासून लाभ घेण्यास नाही. म्हणजे असा पाव विकता येतो, दुसऱ्याला देता येतो. मूर्तीला वाहिलेल्या मद्याबाबत एवढीही मोकळीक नव्हती.

बाबिलोनी तालमूदाने बंदीचे जे कारण दिले आहे, ते एखाद्या साखळीसारखे आहे. पाव व तेल निषिद्ध ठरले ते मद्यामुळे, मद्य निषिद्ध ठरले ते परकीयांच्या मुलींमुळे आणि मुली निषिद्ध ठरल्या त्या मूर्तिपूजेमुळे. एकत्र पाव मोडला की पेला पुढे येतो आणि पेल्यामागून सोयरीक. मराठी वाचकाला हे तर्कशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही. 'रोटीबेटी व्यवहार' हा आपला जोडशब्द तेच सांगतो. तथापि हे साम्य फार ताणता येत नाही. जातिव्यवस्थेत खालच्या मानलेल्या माणसाच्या स्पर्शाने अन्न विटाळते आणि खाणारा भ्रष्ट होतो. तालमूदाच्या या युक्तिवादात पाव विटाळलेला नाही. भीती आहे ती पावाची नव्हे, पंक्तीची.

तेलाला सूट, पावाला नाही

तेलाची कथा येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. तिसऱ्या शतकात यहुदा नसिया या कुलप्रमुखाने व त्याच्या न्यायमंडळाने परकीयांचे तेल खाण्यास परवानगी दिली. त्यामागील तत्त्व असे की, बहुसंख्य लोकांना पेलवणार नाही असा निर्बंध समाजावर लादू नये. आणि तेलाची बंदी लोकांत कधी रुजलीच नव्हती. मग हेच तत्त्व पावाला का लागू नये? तालमूदात हा प्रश्न सिमलाय नावाचे रब्बी यहुदा नसियाला थेट विचारतात : तुमच्याच काळात पावालाही परवानगी मिळेल काय? त्यावर उत्तर येते की, तसे केले तर लोक आपल्याला 'सूट देणारे न्यायमंडळ' म्हणतील. हे उत्तर धर्मशास्त्रीय नाही, हे उघड आहे. न्यायमंडळाला आपल्या पतीची चिंता होती.

त्याच्याच आजोबांविषयी, म्हणजे मिश्नेचे संकलक यहुदा हनासी यांच्याविषयी, दोन कथा तालमूदात आहेत. एकदा ते रानात गेले असता एका परकीयाने त्यांच्यापुढे मोठ्या भट्टीत भाजलेला भला थोरला पाव आणला. तो पाहून ते उद्गारले की, इतका सुंदर पाव, याला पंडितांनी मनाई का केली असावी! दुसऱ्या कथेत विद्यार्थ्यांना पाव मिळत नाही असे पाहून ते विचारतात, येथे कोणी पाववाला नाही काय? दोन्ही वेळा लोकांनी पावाला परवानगी मिळाली असा अर्थ काढला आणि दोन्ही वेळा तालमूद बजावते की, तसे काही नव्हते. परंतु लोकांचा हा 'गैरसमज' इतक्या काळजीने नोंदवून ठेवावा लागला, यातच तो किती पसरला होता याची कबुली आहे. ऐवू नावाचा एक जण शेताच्या बांधावर परकीयांचा पाव खात असे. त्याच्याशी बोलू नका, असे एका रब्बींनी सांगितले. बोलणे बंद, पण शिक्षा नाही.

इ.स. 400 च्या सुमाराच्या जेरुसलेम तालमूदात पावाच्या नियमाला 'झाकोळलेला' नियम म्हटले आहे. जेथे यहुदी पाव मिळतो तेथे परकीय पाव निषिद्ध असावयास हवा होता. पण पंडितांनी त्यावर पडदा टाकला आणि मोकळीक राहू दिली, कारण पाव हा जीवनाचा आधार आहे. मात्र ही मोकळीक पाववाल्यापुरतीच. कायदा संदिग्ध राहिला तो अनवधानाने नव्हे, तर जाणूनबुजून, हे एखाद्या कायदेग्रंथाने स्वतःच सांगावे, असे उदाहरण विरळाच.

पाववाला आणि घरधनी

मध्ययुगीन धर्मशास्त्राने या संदिग्धतेतून एक भेद घडवला. हिब्रूत 'पत' म्हणजे पाव (आधी आलेल्या मराठी 'पत'शी त्याचा संबंध नाही). विक्रीसाठी भाजलेला तो 'पत पल्तेर' आणि स्वतःच्या कुटुंबासाठी भाजलेला तो घरधन्याचा पाव. मैमोनिदीस (इ.स. 1138–1204) आपल्या संहितेत सांगतो की, काही ठिकाणी यहुदी पाववाला नसेल तर परकीय पाववाल्याकडून पाव घेतात, परंतु घरधन्याच्या पावाला कोणीच परवानगी देत नाही, कारण तो खाणारा पुढे त्याच्या घरी जेवायला बसेल. पीठ तेच, भट्टीही कदाचित तशीच. पण दुकानातला पाव चालतो आणि शेजारणीने प्रेमाने पाठवलेला चालत नाही. दुकानात पैसे दिले की व्यवहार संपतो. शेजारणीच्या पावाची परतफेड पैशाने होत नाही, आणि नियमाला धास्ती आहे ती नेमकी याच परतफेडीची. आधुनिक वाचकाला हा भेद कठोर वाटेल व तो कठोर आहेच. पण सोयरीक कोठून सुरू होते, याविषयीचे त्याचे निरीक्षण चूक म्हणता येत नाही.

मैमोनिदीसने नोंदवलेली दुसरी सवलत याहून लक्षणीय आहे. परकीयाच्या भट्टीत यहुदी माणसाने केवळ एक काटकी टाकली, तरी त्या भट्टीतला पाव खाण्यास योग्य ठरतो. एका काटकीने आच वाढत नाही हे सर्वांनाच ठाऊक होते. मैमोनिदीस ते लपवतही नाही. हे कृत्य म्हणजे परकीयांचा पाव निषिद्ध आहे याची केवळ खूण, असे तो म्हणतो. निर्बंधाचा भार उतरवला गेला, आठवण तेवढी शिल्लक ठेवली.

या दुराव्याला दुसरी बाजूही होती. चौथ्या शतकाच्या आरंभी एल्व्हिरा येथील ख्रिस्ती धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना यहुद्यांबरोबर जेवण्यास मनाई केली. इ.स. 506 च्या आग्द येथील परिषदेने तीच मनाई करताना, ते आपले अन्न वर्ज्य मानतात, मग आपण त्यांचे का खावे, असा मानापमानाचा मुद्दा पुढे केला. इस्लामी प्रदेशांत स्थिती निराळी होती. ग्रंथधारकांचे अन्न कुराणाने मुसलमानांना वैध ठरवले असल्यामुळे तेथे हा दुरावा बराचसा एकतर्फी होता.

संहिता आणि तिच्यावरील टीपा

इ.स. 1565 मध्ये व्हेनिस येथे छापल्या गेलेल्या 'शुल्हान आरूख' या संहितेत योसेफ कारो याने यहुदी पाववाला नसलेल्या ठिकाणी सूट मान्य केली. परकीयाचा पाव अधिक चांगला असेल तर तो घेण्याचे मतही नोंदवले. पोलंडमधील क्राकोचे मोझेस इस्सर्लेस (मृत्यू इ.स. 1572) यांनी आपल्या टीपेत यहुदी पाव मिळत असतानाही सूट देणारे मत जोडले. पूर्व युरोपीय यहुद्यांत सूट अधिक व्यापक झाली, ती या आधारावर. इस्सर्लेस यांची आणखी एक टीप आहे. परकीय पाव कटाक्षाने टाळणारा माणूस तो न टाळणाऱ्या यहुद्यांच्या पंक्तीला बसला, तर त्याने त्यांच्याबरोबर तो पाव खावा. पाव हाच जेवणाचा मुख्य भाग असल्यामुळे तो नाकारल्यास वैर व भांडण उद्भवेल. मात्र इतर निषेधांना ही सवलत लावू नये, असेही ते बजावतात. परक्यांशी पंक्ती जुळू नये म्हणून केलेला नियम आपल्याच माणसांची पंक्ती मोडू लागला, तेव्हा त्याला माघार घ्यावी लागली.

संहितेनुसार पाव म्हणजे गहू, जव आदी पाच धान्यांचाच; तांदूळ किंवा बाजरीसारख्या धान्याची भाकर या नियमात येत नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या बाबतीत ही व्याख्या अर्थपूर्ण ठरते. तांदळाच्या व नाचणीच्या भाकरीच्या त्या मुलखात पावाचा नियम लागू होण्याचे प्रसंग मुळातच थोडे. शिजवलेल्या अन्नाचा नियम निराळा आहे. तो येथे अप्रस्तुत.

विसाव्या शतकात भट्टीची जागा कारखान्याने घेतली. आठवडेच्या आठवडे न विझणाऱ्या भट्टीत काटकी टाकायची कशी? त्यावर भट्टीत विजेची एक छोटी तार बसवून ती यहुदी निरीक्षकाने सुरू करावी, असे उपाय निघाले. काटकीप्रमाणेच या तारेनेही पाव भाजला जात नाही. अमेरिकेत कोशर प्रमाणपत्र असलेल्या पुष्कळ पावांवर तो यहुदी सहभागाने भाजला आहे की नाही, हे वेगळे सांगावे लागते, कारण केवळ कोशर असणे त्यासाठी पुरेसे नाही. वर्षभर पाववाल्याचा पाव खाणाऱ्यानेही नववर्षापासून योम किप्पुरपर्यंतचे प्रायश्चित्ताचे दहा दिवस तो टाळावा, असे 'शुल्हान आरूख' सांगतो. त्यामुळे अनेक श्रद्धाळू घरांत या दहा दिवसांपुरती पावाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली जातात आणि अकराव्या दिवशी नेहमीचा पाव पुन्हा घरात येतो.